वाढत्या दफ्तराचे नियोजन : जोड-सर्व्हर आणि विस्तारक्षम साठवण

प्रशासनात दफ्तराचे स्थान किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. शेतकऱ्याचा सातबारा उतारा असो, कर्मचाऱ्याचे सेवापुस्तक असो, की जन्म-मृत्यूची नोंद असो. नागरिकाचा हक्क अखेर एका नोंदीच्या आधारावर उभा असतो. ती नोंद नाहीशी झाली, तर हक्क नाहीसा होत नाही हे खरे. परंतु तो सिद्ध करण्याचा सारा भार त्या नागरिकाच्या माथी येतो. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या इमारतीला लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील अनेक विभागांच्या नस्ती भस्मसात झाल्या, तेव्हा कागदावरील दफ्तर किती नाजूक असते याचा दाहक प्रत्यय महाराष्ट्राला आला.

आता दफ्तराचा मोठा भाग संगणकावर आला आहे. कागदाला असलेले वाळवीचे, पाण्याचे आणि आगीचे भय त्यामुळे संपले, असे मात्र नव्हे. नोंद संगणकात असली तरी ती अखेर कुठल्या तरी डिस्कवर, कुठल्या तरी खोलीत असतेच. म्हणून संगणकीय दफ्तराच्या बाबतीतही तीन प्रश्न अटळ ठरतात. नोंद नाहीशी होणार नाही ना? हवी त्या क्षणी मिळेल ना? आणि उद्या येणाऱ्या नोंदींना जागा आहे ना? यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांकडे साहजिकच लक्ष जाते. तिसरा प्रश्न किरकोळ वाटतो आणि मागे पडतो. वस्तुतः तिसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरेही हळूहळू खोटी ठरू लागतात.

दक्षिण कोरियातील उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातील राष्ट्रीय माहिती-साधन सेवेच्या डेटा सेंटरमध्ये लिथियम-आयन बॅटऱ्यांनी पेट घेतला आणि शेकडो शासकीय सेवा बंद पडल्या. त्यांपैकी बहुतेक सेवा कालांतराने पूर्ववत झाल्या. परंतु शासकीय कर्मचाऱ्यांची कागदपत्रे ठेवण्यासाठी असलेला ‘जी-ड्राइव्ह’ हा साठा जळून गेला. प्रत्येक कर्मचाऱ्यास ३० जीबी याप्रमाणे दिलेली ही जागा वाढत वाढत ८५८ टेराबाइटपर्यंत पोहोचली होती. साठा इतका मोठा झाला होता की, त्याची दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवणे शक्य झाले नाही, असे त्या शासनाने सांगितले. साठा वाढत गेला, पण त्याच्या संरक्षणाची योजना त्या प्रमाणात वाढली नाही, हा या घटनेचा मथितार्थ होय.

जोड-सर्व्हर म्हणजे काय?

एकच सर्व्हर असेल तर तो बिघडताच सेवा थांबते. यास्तव महत्त्वाच्या सेवेसाठी दोन किंवा अधिक सर्व्हर एकत्र जोडून त्यांचा समूह करतात. एक सर्व्हर प्रत्यक्ष काम करतो आणि दुसरा सज्ज असतो. पहिला बंद पडल्यास दुसरा आपोआप काम हाती घेतो. परंतु दुसऱ्या सर्व्हरने काम हाती घ्यायचे तर त्याच्याजवळ तीच माहिती, तीही शेवटच्या नोंदीपर्यंत, असली पाहिजे. याकरिता पहिल्या सर्व्हरच्या डिस्कवर जे जे लिहिले जाईल, ते ते नेटवर्कमधून दुसऱ्याच्या डिस्कवरही लिहिण्याची व्यवस्था केलेली असते. कार्यालयात एका पावतीपुस्तकात कार्बन कागद घालून लिहिले असता दोन प्रती एकाच वेळी तयार होतात, तसाच हा प्रकार.

अशा व्यवस्थेसाठी अनेक साधने उपलब्ध आहेत. त्यांपैकी लिनक्स प्रणालीवर दीर्घकाळ वापरात असलेले ‘डीआरबीडी’ हे साधन या लेखात उदाहरणादाखल घेतले आहे. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथील फिलिप राइस्नर यांनी त्याची निर्मिती केली आणि २०१० साली लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्ये त्याचा समावेश झाला. साधन कोणतेही असो, नियोजनाची तत्त्वे मात्र बहुतांशी सारखीच आहेत.

साठवणुकीचे थर

संगणकातील साठवण ही एकसंध वस्तू नसून एकावर एक रचलेल्या थरांची इमारत आहे. सर्वांत खाली प्रत्यक्ष डिस्क असतात. त्यांवर ‘रेड’ची रचना असते. एखादी डिस्क निकामी झाली तरी उरलेल्या डिस्कच्या आधारे माहिती शाबूत ठेवण्याची ही पद्धत १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या संशोधकांनी आपल्या निबंधात मांडली. त्यावरचा थर व्हॉल्यूम व्यवस्थापकाचा. लिनक्ससाठी ‘एलव्हीएम’ नावाचा हा व्यवस्थापक १९९८ मध्ये हाइन्झ मौएल्सहागेन यांनी लिहिला. सर्व डिस्कची जागा एका सामाईक कोठारात जमा करावयाची आणि त्यातून गरजेप्रमाणे लहानमोठे व्हॉल्यूम, म्हणजेच साठवण-खंड, कापून द्यावयाचे, हे त्याचे कार्य. त्याच्या वर प्रतिरूप लिहिणारा डीआरबीडीचा थर, आणि सर्वांत वर फाइल प्रणाली, असा हा क्रम आहे.

व्हॉल्यूम व्यवस्थापकाचा मोठा लाभ असा की, दिलेला खंड पुढे सेवा न थांबवता वाढविता येतो. हा थर मध्ये न ठेवता थेट डिस्कच्या भागावरच प्रतिरूप उभे केले, तर पुढे जागा वाढविताना बहुधा सर्व माहिती दुसरीकडे हलवून पुन्हा आणण्याची पाळी येते. डिस्कची विभागणी करण्याची जुनी ‘एमबीआर’ पद्धती नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरच्या हिशेबाने सुमारे २ टेराबाइटच्या पलीकडील जागा ओळखू शकत नाही, हेही ध्यानात ठेवून आरंभीच ‘जीपीटी’ पद्धती स्वीकारणे इष्ट होय. पायात राहिलेली उणीव इमारत उभी झाल्यावर काढणे महागात पडते.

गरजेचा अंदाज

नियोजनाचा प्रारंभ मोजणीने व्हावयास हवा. समजा, एका जिल्हा कार्यालयाजवळ आज ६०० जीबी नोंदी आहेत आणि दरमहा सरासरी २० जीबी भर पडते. पाच वर्षांत १,२०० जीबी वाढ होऊन एकूण साठा १,८०० जीबी होईल. त्यातच जुन्या अभिलेखांची १० लाख पृष्ठे स्कॅन करावयाची आहेत आणि प्रत्येक पृष्ठाची फाइल सरासरी अर्धा एमबी होणार आहे, असे धरल्यास आणखी ५०० जीबी लागतील. एकूण गरज २,३०० जीबी झाली. फाइल प्रणाली काठोकाठ भरणे हितावह नसते. निदान एक पंचमांश जागा मोकळी हवी. या हिशेबाने खंडाचा आकार सुमारे २,९०० जीबी येतो. त्याशिवाय एखाद्या क्षणाची स्थिती जतन करणाऱ्या स्नॅपशॉटसाठी सुमारे ४०० जीबी राखून ठेवल्यास ३,३०० जीबीची तरतूद करावी लागेल.

सरळ रेषेतील असा अंदाज आवश्यक असला तरी पुरेसा मात्र नसतो. साठ्यात होणारी वाढ पुष्कळदा नोंदींच्या संख्येमुळे नव्हे, तर एखाद्या छोट्याशा वाटणाऱ्या निर्णयामुळे होते. ए-४ आकाराचे पृष्ठ इंचाला २०० ठिपके या घनतेने कृष्णधवल स्कॅन केल्यास त्याची असंकुचित प्रतिमा जेमतेम अर्ध्या एमबीची होते. तेच पृष्ठ इंचाला ३०० ठिपके घेऊन रंगीत स्कॅन केले, तर तीच प्रतिमा सुमारे २६ एमबी, म्हणजे पन्नास पटींहून मोठी होते. संकुचनानंतर आकडे पुष्कळ खाली येतात, तथापि तफावत मोठीच राहते. स्कॅनिंगसंबंधीच्या परिपत्रकातील एका ओळीत पाच वर्षांचे नियोजन एका वर्षात संपविण्याचे सामर्थ्य असते. म्हणून असे निर्णय घेताना साठवणुकीचा हिशेब पाहणाऱ्यास विचारात घेणे अगत्याचे आहे.

खरेदी केलेली जागा आणि हाती येणारी जागा

धरणाच्या एकूण साठ्याचा आकडा आणि उपयोगात येणारा साठा यांत फरक असतो, हे महाराष्ट्रातील वाचकास परिचयाचे आहे. जायकवाडीच्या नाथसागराची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी असली तरी त्यातील सुमारे २६ टीएमसी मृतसाठा आहे. संगणकीय साठवणुकीतही असाच हिशेब करावा लागतो.

वरील कार्यालयाने प्रत्येक सर्व्हरमध्ये २ टेराबाइटच्या ४ डिस्क घेतल्या, असे समजू. दोन डिस्क निकामी झाल्या तरी माहिती वाचावी अशी ‘रेड-६’ रचना केल्यास ८ पैकी ४ टेराबाइट हाती येतात. दुसऱ्या सर्व्हरमध्ये हीच माहिती पुन्हा ठेवावयाची असल्याने त्याची जागा नव्याने मोजता येत नाही. म्हणजे एकूण १६ टेराबाइटची खरेदी झाली आणि उपयोगाचे ४ टेराबाइट मिळाले. शिवाय डिस्कचे उत्पादक टेराबाइट दशमान पद्धतीने मोजतात, तर संगणक तो बहुधा द्विमान पद्धतीने दाखवितो. त्यामुळे पडद्यावर ४ ऐवजी सुमारे ३.६४ हा आकडा दिसतो. खरेदीचा प्रस्ताव तपासताना ‘चौपट खर्च कशासाठी?’ असा प्रश्न निघाल्यास त्याचे उत्तर या हिशेबात आहे. ती उधळपट्टी नसून नोंदीच्या सुरक्षिततेचे मूल्य होय.

प्रतिरूप ठेवणारे साधन स्वतःच्या खुणांसाठीही थोडी जागा घेते. डीआरबीडी दर ४ किलोबाइटच्या तुकड्यामागे प्रत्येक जोडीदारासाठी एक बिट याप्रमाणे नोंद ठेवते. कोणता तुकडा दुसरीकडे पोहोचावयाचा राहिला आहे, हे त्यावरून कळते. एका टेराबाइटमागे ही जागा साधारण ३२ एमबी भरते. प्रमाण अल्प आहे. पण नियोजनाची गोष्ट वेगळीच आहे. पुढे कधी तिसरा सर्व्हर जोडावयाचा असेल, तर त्याच्यासाठीची खुणांची जागा प्रथम मांडणी करतानाच राखून ठेवणे सोयीचे असते. घर बांधताना वरच्या मजल्याच्या खांबांसाठी सळया सोडून ठेवाव्यात, तसेच हे आहे.

आरंभी थोडे, मागे राखीव

४ टेराबाइटचे कोठार हाती आले म्हणजे ते सारे पहिल्याच दिवशी एका खंडाला देऊन टाकण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. खंड वाढविणे सोपे असते. कमी करणे अवघड असते. मोठ्या साठ्यांसाठी वापरली जाणारी ‘एक्सएफएस’ ही फाइल प्रणाली चालू स्थितीत वाढविता येते, परंतु व्यवहारात ती लहान करता येत नाही. ‘ईएक्सटी-४’ लहान करता येते, पण त्यासाठी ती बंद करावी लागते. यास्तव आरंभी गरजेपुरता खंड द्यावा आणि उरलेली जागा कोठारात अवितरित ठेवावी, हा नियम सांगितला जातो. आपल्या उदाहरणात ६०० जीबी नोंदींसाठी प्रथम १,००० जीबीचा खंड दिल्यास तो ६० टक्के भरलेला असेल. दरमहा २० जीबी या गतीने तो १० महिन्यांत ८० टक्क्यांवर येईल आणि तेव्हा त्यात आणखी ५०० जीबीची भर घालता येईल.

खंड एकच न ठेवता कामानुसार वेगवेगळे ठेवणेही श्रेयस्कर. दस्तऐवजांचा एक, डेटाबेसचा एक, आणि प्रणालीच्या दैनंदिन नोंदींचा एक. एखाद्या बिघाडामुळे दैनंदिन नोंदी एका रात्रीत बेसुमार वाढल्या तरी त्यामुळे डेटाबेसची जागा संपू नये, हा यातील हेतू. मात्र डेटाबेस आणि त्याची व्यवहारवही हे दोन खंड वेगळे केले असतील, तर त्यांचे प्रतिरूप एकाच जोडणीखाली एकत्र बांधावे. तसे न केल्यास दुसऱ्या सर्व्हरवर वही पुढची आणि खतावणी मागची, अशी विसंगत स्थिती उद्भवू शकते.

‘थिन’ म्हणजे विरळ वाटप या पद्धतीविषयी येथेच सावधगिरीची सूचना करणे योग्य होईल. या पद्धतीत कोठारात ४ टेराबाइट असताना निरनिराळ्या खंडांना मिळून ८ टेराबाइट दिल्याचे दाखविता येते. प्रत्यक्ष जागा लिहिले जाईल तसतशी खर्च होते. जागेची काटकसर होते हे खरे, परंतु सर्वांनी आपापला वाटा एकाच वेळी मागितल्यास कोठार रिकामे होते आणि लिहिणे अडते. विरळ वाटप स्वीकारावयाचे असेल, तर दोन्ही सर्व्हरवरील कोठारांवर स्वतंत्र आणि अखंड देखरेख ठेवणे अनिवार्य आहे.

इशारा टक्क्यांत नव्हे, महिन्यांत

साठा ८० टक्के भरला की इशारा द्यावा, अशी प्रथा आहे. कोठारात जागा शिल्लक असेल तोवर ती पुरेशी आहे. कारण खंड वाढविण्याचे काम एका दिवसात होते. परंतु कोठारच संपत आले असेल, तर नव्या डिस्क खरेदी कराव्या लागतात. प्रस्ताव, मान्यता, निविदा, पुरवठा आणि जोडणी या टप्प्यांना समजा ८ महिने लागतात. अशा वेळी महत्त्वाचा आकडा किती टक्के भरले हा नसून, किती महिने उरले हा आहे. शिल्लक जागेला मासिक वाढीने भागले की तो मिळतो. खरेदीस लागणाऱ्या कालावधीच्या दुप्पट महिने शिल्लक असतानाच प्रस्ताव सादर करावा, असा नियम ठेवल्यास या कार्यालयाला १६ महिन्यांची, म्हणजे ३२० जीबी जागा उरली असतानाच हालचाल करावी लागेल.

परंतु स्कॅनिंगचे काम सुरू होऊन मासिक वाढ २० वरून ६० जीबीवर गेली, तर तीच ३२० जीबी जागा जेमतेम सव्वापाच महिने पुरेल आणि नव्या डिस्क येण्यापूर्वीच साठा भरेल. यास्तव मासिक वाढीचा आकडा दर तिमाहीला नव्याने काढणे आवश्यक ठरते. जुन्या आकड्यावर विसंबून राहणे म्हणजे गेल्या वर्षीच्या पावसावर यंदाच्या पाणीवाटपाची आखणी करण्यासारखे आहे.

विस्ताराचा क्रम

प्रत्यक्ष विस्तार करताना क्रमाला अनन्यसाधारण महत्त्व असते. वाढ नेहमी खालून वर करावयाची. प्रथम दोन्ही सर्व्हरवरील बॅकअप आणि प्रतिरूपाची स्थिती सुस्थितीत असल्याची खात्री करावी. नंतर व्हॉल्यूम व्यवस्थापकाद्वारे दोन्ही सर्व्हरवरील खंड सारख्याच आकाराने वाढवावेत. दोन्हीकडील आकडे पडताळून पाहिल्यावर प्रतिरूपाच्या थराला नवा आकार कळवावा. या वेळी दोन्ही सर्व्हर परस्परांशी जोडलेले असावे लागतात. सर्वांत शेवटी, कार्यरत असलेल्या सर्व्हरवर, आणि केवळ तेथेच, फाइल प्रणाली वाढवावी. दुसऱ्या सर्व्हरवर ती स्वतंत्रपणे वाढविण्याचे कारण नाही. तो बदल प्रतिरूपाबरोबर आपोआप तेथे पोहोचतो.

एकाच सर्व्हरवरील खंड वाढविला आणि दुसऱ्याचा विसरला, तर काय होईल? अशा वेळी डीआरबीडी दोहोंपैकी लहान आकार ग्राह्य धरते आणि वाढविलेली जागा निरुपयोगी पडून राहते. हा दोष निदान उघड दिसतो. लहान करताना क्रम उलटा, म्हणजे वरून खाली असतो आणि तेथे चूक झाल्यास फाइल प्रणालीचा शेवटचा भागच कापला जातो. म्हणूनच आरंभी थोडे देण्याचा नियम पाळला, तर लहान करण्याचा हा धोकादायक प्रसंग सहसा येत नाही.

मोठ्या साठ्याचा अदृश्य खर्च

खंड वाढला की केवळ डिस्क वाढतात असे नव्हे. तो पुन्हा भरून काढण्यास लागणारा वेळही वाढतो. एक सर्व्हर पूर्णपणे निकामी झाला आणि त्याजागी नवा आणला, तर सारी माहिती त्यावर नव्याने उतरवावी लागते. एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून सेकंदाला सुमारे ११० एमबी जातात असे धरल्यास १ टेराबाइटला अडीच तास, ४ टेराबाइटला सुमारे १० तास लागतात. या काळात नोंदींची एकच प्रत अस्तित्वात असते. याच गतीने ८५८ टेराबाइटचा साठा उतरविण्यास सुमारे ९० दिवस लागले असते. दहापट वेगाचे नेटवर्क असते तरी नऊ दिवस. साठा किती मोठा होऊ द्यावयाचा, हे डिस्कच्या किमतीवरून नव्हे, तर तो किती वेळात पुन्हा उभा करता येईल यावरून ठरविले पाहिजे, हे यावरून वाचकांच्या लक्षात येईल.

अंतराचा प्रश्न

दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत असतील, तर एकाच आगीत दोन्ही नष्ट होतील. मग दुसरा सर्व्हर दूरच्या शहरी का ठेवू नये? येथे निसर्गनियम आडवा येतो. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. मुंबई आणि नागपूर यांना जोडणाऱ्या समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. तितक्याच लांबीच्या प्रकाशतंतूतून संदेश जाऊन उत्तर परत येण्यास किमान ७ मिलिसेकंद लागतील. दोन्हीकडे लिहून झाल्यावरच नोंद पूर्ण समजावयाची, अशी कडक पद्धत ठेवल्यास, एकामागून एक होणाऱ्या नोंदी सेकंदाला १४० च्या वर जाऊ शकणार नाहीत. म्हणून जवळच्या जोडीसाठी कडक आणि दूरच्या प्रतीसाठी सैल पद्धत वापरतात. सैल पद्धतीत स्थानिक डिस्कवर लिहून झाले आणि संदेश रवाना होण्याच्या रांगेत लागला की काम पुढे जाते. अपघात झाल्यास शेवटच्या काही क्षणांच्या नोंदी दूरच्या प्रतीत नसण्याची शक्यता राहते. किती क्षणांची हानी सोसता येईल, हे तंत्रज्ञाने नव्हे, तर त्या नोंदींची जबाबदारी असलेल्या विभागाने ठरवावयाचे असते.

दोन कारभारी

जोड-सर्व्हरच्या व्यवस्थेतील सर्वांत कठीण प्रसंग म्हणजे दोहोंमधील संपर्क तुटणे. अशा वेळी जोडीदार बंद पडला की केवळ तार तुटली, हे कोणालाच कळत नाही. दोघेही स्वतःला कारभारी समजून लिहू लागले, तर दोन वेगवेगळी दफ्तरे तयार होतात. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेतील ‘गिटहब’ या सेवेचा एका डेटा सेंटरशी असलेला संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात कारभार दुसऱ्या किनाऱ्यावरील सर्व्हरकडे गेला आणि दोन्हीकडे अशा नोंदी झाल्या की ज्या दुसरीकडे नव्हत्या. त्यांचा मेळ घालून सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली.

हा धोका टाळण्यासाठी दोन उपाय योजतात. पहिला, तिसरे मत. तिसरा लहानसा सर्व्हर माहिती न साठवता केवळ पंचाचे काम करतो आणि बहुमत ज्याच्या बाजूने असेल त्यालाच लिहिण्याचा अधिकार मिळतो. दुसरा, संशयित सर्व्हरचा वीजपुरवठा तोडून तो निश्चितपणे बंद झाल्यावरच दुसऱ्याने कारभार हाती घेणे. विस्ताराचे काम चालू असताना ही व्यवस्था गैरसोयीची वाटून ती तात्पुरती बंद करण्याचा मोह होतो. परंतु चुकीची शक्यता सर्वाधिक असते ती नेमकी त्याच वेळी.

प्रतिरूप म्हणजे बॅकअप नव्हे

प्रतिरूप हे डिस्कच्या बिघाडापासून संरक्षण देते, माणसाच्या चुकीपासून नव्हे. चुकून पुसलेली फाइल त्याच क्षणी दुसरीकडेही पुसली जाते. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या सेवेत प्रतिरूपाची दुरुस्ती चालू असताना दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील डेटाबेसच पुसला गेला. सुमारे ३०० जीबी माहिती गेली. तेव्हा बॅकअपच्या निरनिराळ्या पद्धती प्रत्यक्षात चालतच नव्हत्या, असे उघडकीस आले. सहा तासांपूर्वी घेतलेल्या एका स्नॅपशॉटमुळे सेवा पुन्हा उभी राहिली. मधल्या काळातील नोंदी मात्र गेल्या. त्या संस्थेने ही सारी हकीकत स्वतःहून प्रसिद्ध केली, ही बाब अनुकरणीय आहे.

तात्पर्य, खंडाच्या प्रत्येक विस्ताराबरोबर बॅकअपच्या जागेचा आणि वेळेचाही विस्तार मंजूर झाला पाहिजे. रात्री आठ तासांत पूर्ण होणारा बॅकअप, साठा दुप्पट झाल्यावर सकाळी कार्यालय उघडले तरी चालूच राहील. तसेच बॅकअप घेतला जातो एवढ्यावर समाधान न मानता, तो परत उतरवून पाहण्याचा सराव ठराविक काळाने व्हावा. न उघडलेली पेटी भरलेली आहे, असे गृहीत धरता येत नाही.

समारोप

विस्तारक्षम साठवणुकीचे नियोजन म्हणजे अधिक डिस्क घेणे नव्हे. आजची मोजणी, उद्याचा अंदाज, खरेदीस लागणारा काळ, दोन्ही सर्व्हरवरील समान वाढ, पुन्हा उभारणीचा वेळ आणि बॅकअपची क्षमता या साऱ्यांचा एकत्र विचार म्हणजे नियोजन होय. यातील कोणताही हिशेब फारसा अवघड नाही. चार क्रिया जाणणाऱ्या कोणत्याही कर्मचाऱ्यास तो मांडता येईल. कठीण आहे ते हा हिशेब दर तिमाहीला, काहीही बिघडलेले नसताना, सातत्याने मांडत राहणे.

पूर्वी गावचे दफ्तर सांभाळणारा जाणता कारभारी पावसाळ्यापूर्वी रुमाल उलगडून पाही, कसर लागलेले कागद वेगळे काढी आणि नव्या वर्षाच्या वह्यांसाठी फळी मोकळी करून ठेवी. साधने बदलली, तरी ही दक्षता बदललेली नाही. दूरच्या खेड्यातून उताऱ्यासाठी येणाऱ्या शेतकऱ्यास जोड-सर्व्हर ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने मागितलेली नोंद त्याला मिळावी आणि उद्या त्याच्या मुलालाही मिळावी, यातच या साऱ्या खटाटोपाचे सार्थक आहे.